फोनवरून चित्र : अमूर्त चित्र न दाखवता सांगायचं कसं

ठिपक्यांची रांगोळी फोनवर सांगता येते. "अकरा ठिपके, अकरा ओळी. मधल्या ठिपक्यापासून चारी बाजूंना दोन-दोन ठिपके सोडून रेघ ओढ," एवढं ऐकून निपाणीतली मावशी आणि खानापुरातली भाची आपापल्या अंगणात तीच रांगोळी काढतात. मुक्तहस्त रांगोळी अशी सांगायला गेलं की पंचाईत होते. "इकडून असं वळण घे, मग थोडं खाली..." यातलं इकडून म्हणजे कुठून आणि थोडं म्हणजे किती, हे सांगणारीलाच दिसत असतं. ठिपके असले की दोघींसमोर एकच जाळी असते आणि सगळं त्या जाळीवर मोजून सांगता येतं.

अमूर्त चित्र सांगणं म्हणजे मुक्तहस्त रांगोळीखाली आपण होऊन ठिपके मांडणं. चित्रात बैल किंवा घर असेल तर ऐकणारा डोक्यातला बैल काढतो आणि निम्मं काम भागतं. अमूर्तात ही सोय नाही. तिथे आकार, जागा, माप, रंग आणि रंग कसा लावला आहे एवढंच असतं, आणि तेवढंच सांगायचं असतं.

हा खेळ चित्रकलेच्या वर्गात, वाचनालयात, सुट्टीत घरी जमलेल्या मुलांत, कुठेही करता येतो. एक जण चित्र बघतो, तो सांगणारा. चार ते आठ जण ते न बघता काढतात, ते काढणारे. आठाच्या वर माणसं घेऊ नका. कोणाचं झालं, कोणाचं राहिलं याचा मेळ लागत नाही.

सामान आणि बैठक

कागद सगळ्यांना एकाच मापाचा द्या. झेरॉक्सचा ए-फोर (२१ × २९.७ सेंमी) चालतो. ड्रॉइंग शीटचा चौथा तुकडा (११ × १५ इंच) त्याहून बरा, त्यावर खडू नीट धरतो. एकाला ए-फोर आणि दुसऱ्याला वहीचं पान दिलंत तर लांबी-रुंदीचं प्रमाणच बदलतं आणि चित्र पहिल्या रेघेपासून वाकडं जातं.

रंगांसाठी प्रत्येकाकडे एकाच कंपनीची १२ ऑइल पेस्टलची पेटी असावी. नवख्यांनी २५ ची पेटी घेऊ नये. तिच्यात निळ्याच्याच तीन-चार छटा असतात आणि "कुठला निळा" यावर दहा मिनिटं जातात.

पहिलं चित्र स्वतः तयार करा. घोटीव कागद कापून पांढऱ्या कागदावर चिकटवा. आकार पाच ते सात, रंग तीन-चार. नामांकित चित्रकाराचं चित्र पहिल्याच दिवशी घेतलं की सगळे खचतात.

सांगणाऱ्यानं काढणाऱ्यांकडे पाठ करून बसावं. समोरासमोर बसलं की तो नकळत हवेत हात फिरवतो आणि काढणारे हाताकडे बघून काढतात, शब्दांची परीक्षा होतच नाही. शिवाय त्याचं डावं ते समोरच्याचं उजवं. फोनवर करायचं असेल तर साधा कॉल लावा, व्हिडिओ नको. काढणाऱ्यांनीही एकमेकांच्या कागदात डोकावू नये, नाहीतर एकाची चूक चौघांच्या कागदावर दिसते आणि मग ती कुणाची ते कळत नाही.

सहा आकारांच्या चित्राला २० ते २५ मिनिटं लागतात.

पहिली पाच मिनिटं गप्प

सांगणाऱ्यानं तोंड उघडण्याआधी मोजदाद करावी. आकार किती, रेषा किती, रंग किती, कागदाच्या कडेला काय काय भिडतं, कोण कोणाला झाकतं, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावं. मग पहिलं वाक्य आकड्याचं : "कागद आडवा धरा. चित्रात एकूण सहा गोष्टी आहेत." आकडा कळला की काढणारा जागा राखून काढतो. नाही सांगितला तर पहिलाच गोल कागदभर होतो आणि बाकीचं कोपऱ्यात कोंबावं लागतं.

वरची बाजू कुठली, हेही आधीच ठरवा. अमूर्तात ही चूक मोठमोठ्यांकडून होते. डच चित्रकार पीट मोंद्रियानचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे १९४१ चं चित्र जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहात कित्येक वर्षं उलटं टांगलेलं होतं, असं तिथल्याच क्युरेटरनं २०२२ साली दाखवून दिलं. आपल्या चित्राच्या मागे पेन्सिलीनं वर बाण काढून ठेवा, म्हणजे मिटलं.

जाळी

कागद मधोमध दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. उलगडून दुसऱ्या बाजूनं तसंच दोनदा. सोळा चौकटी पडतात, पट्टी लागत नाही. आडव्या ओळींना वरून खाली क, ख, ग, घ. उभ्या रांगांना डावीकडून १, २, ३, ४. म्हणजे डावा वरचा कोपरा क१ आणि उजवा खालचा घ४.

आपल्या बेळगाव भागात या नावांचा एक फायदा आहे : कन्नड वर्णमालेतही क, ख, ग, घ याच क्रमानं येतात, त्यामुळे चिकोडी-अथणीच्या कन्नड शाळेत शिकलेल्यालाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. तोटा एवढाच की फोनवर क आणि ख, ग आणि घ सारखेच ऐकू येतात. म्हणून अक्षर न म्हणता शब्द म्हणा : कमळ, खडू, गणपती, घर. "गणपती तीन" म्हटलं की घोळ होत नाही.

चौकटीपेक्षाही उपयोगी पडतात त्या घड्या. तीन आडव्या (वरची, मधली, खालची) आणि तीन उभ्या (डावी, मधली, उजवी). "ख२ मध्ये कुठेतरी" यापेक्षा "मधली आडवी घडी आणि डावी उभी घडी जिथे एकमेकींना कापतात तिथे" हे पक्कं. चौकटीत शिल्लक राहणारं माप पाव, अर्धा, पाऊण असं सांगा. आपल्या कानाला हे अपूर्णांक लहानपणापासून सरावाचे असतात. "चौकटीच्या पाऊण उंचीवर" हे लगेच कळतं, "पंचाहत्तर टक्क्यांवर" म्हटलं की माणूस मनात हिशेब करायला लागतो.

मोजून सांगायची ही रीत इथे नवी नाही. बेळगाव-धारवाडकडच्या कसूती भरतकामात गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चारही टाके कापडावर छापा न काढता धागे मोजून घालतात. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे जेकार्ड मागावरची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून मांडतात आणि मग तिच्यावरून मागाला नक्षी सांगणाऱ्या पत्त्यांना भोकं पाडतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र जर्मनीतलं आहे. लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन चित्रकारानं १९२३ साली एका पाट्या बनवणाऱ्या कारखान्याकडून लोखंडी पत्र्यावर इनॅमलची चित्रं करून घेतली. एकच रचना, तीन वेगवेगळ्या मापांत. आपण ती फोनवरून सांगितली, दोन्हीकडे आलेखाचा कागद होता आणि समोर कारखान्याचा रंगांचा तक्ता होता, असं त्यानं पुढे लिहिलं. खरंच फोन केला की कागद नेऊन दिला यावर मतभेद आहेत. आपल्याला त्यातून घ्यायच्या त्या दोनच गोष्टी : दोघांकडे तीच जाळी, दोघांकडे तोच रंगतक्ता.

घात करणारे शब्द

चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा अवघड आकारामुळे नाही, रोजच्या सोप्या शब्दांमुळे.

"वर" हा पहिला नंबर. "गोलावर चौकोन आहे" म्हटलं की निम्मे जण गोलाच्या डोक्यावर चौकोन ठेवतात आणि निम्मे गोलाच्या पोटात काढतात. दोघंही बरोबर, कारण मराठीत दोन्हीला "वर"च म्हणतात. म्हणून "वर" फक्त कागदाच्या वरच्या कडेच्या दिशेसाठी राखून ठेवा आणि एकावर एक असेल तिथे "झाकतो" म्हणा.

"चौकोन" म्हणजे चौरस की आयत? बोलताना आपण दोन्हीला चौकोनच म्हणतो. इथे शाळेतले शब्द वापरा. "गोल"चंही तसंच : वर्तुळ, लंबगोल, की नुसताच गुळगुळीत कडांचा दगडासारखा आकार?

"तिरपी रेष" हे अर्धंच वाक्य आहे. डावीकडे झुकलेली की उजवीकडे? रेषेची दोन टोकं सांगा, झुकाव आपोआप येतो.

"बाजूला", "जरासं", "मधे" हे तीन शब्द त्या दिवसापुरते बंद. बोलला की एक रुपया दंड, असं ठेवलं तर पोरं फार दक्ष होतात.

दोन आकारांचं नातं सांगायला चार क्रियापदं पुरतात : झाकतो, टेकतो, कापतो, सुटतो. सुटतो म्हणजे मधे फट आहे, आणि मग फट किती तेही सांगायचं. या चारांपैकी एक शब्द प्रत्येक जोडीसाठी वापरला नाही तर काढणारा स्वतःच्या मनानं ठरवतो. बहुतेक जण आकार सुटे-सुटे मांडतात, कारण एकमेकांवर चढवायला धीर होत नाही. मूळ चित्रात दाटी आणि नकलांत मोकळं मैदान, असं दिसलं तर दोष याचाच समजा.

माप

बोटं वापरू नका. दहा वर्षांच्या मुलाची चार बोटं आणि मोठ्या माणसाची चार बोटं यांत बराच फरक असतो. स्वयंपाकघरातले दाणे बरे : मोहरी सुमारे २ मिलिमीटर, ज्वारी सुमारे ४, हरभरा सुमारे ८, चिंचोका सुमारे १५. खेळाआधी हे चारही दाणे एका वाटीत सगळ्यांसमोर फिरवा.

नाण्याचं माप सांगायचं तर दहा रुपयांचं नाणं घ्या, ते २७ मिलिमीटरचं असतं. रुपयाचं घेऊ नका. १९९२ नंतरचं स्टीलचं रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं, २०११ चं २२ चं, आणि खिशात दोन्ही असतात.

वाकडा आकार

सरळ रेषेला दोन टोकं पुरतात, वक्राला तीन गोष्टी लागतात : दोन टोकं, फुगवटा कोणत्या कडेकडे, आणि किती. "सुरुवात डाव्या कडेवर, खालच्या आडव्या घडीपाशी. शेवट मधल्या उभ्या घडीवर, अगदी खाली. दोन्ही टोकं सरळ जोडली असं धरा, त्या सरळ रेषेपासून मधोमध चिंचोक्याएवढी वर फुगलेली." एवढ्यात कोणीही ती काढतो. रेष दोनदा वळत असेल तर तिचे दोन तुकडे करा आणि वळणबिंदू जाळीवर सांगा.

बंद आणि वेडावाकडा आकार असेल तर उपमा चालते, पण आकाराचीच. "रताळ्यासारखा, मधोमध जाड, दोन्ही टोकांना निमुळता, डावं टोक वर" हे बेळगावात कुणालाही समजतं. "विळ्याच्या पात्यासारखं", "तंबाखूच्या पानासारखं", "करदंटाच्या वडीसारखं" हेही. "वादळासारखा" किंवा "एखाद्या दुःखी माणसासारखा" याचा हाताला काही उपयोग नाही. उपमा दिल्यावर लगेच लांबी, रुंदी आणि टोकाची दिशा सांगायची, नाहीतर कोणी खरोखरचं रताळं काढून त्याला मुळं फोडतो.

रंग

मराठीत रंगांची नावं भरपूर आहेत : पारवा, मोरपंखी, अबोली, गुलबक्षी, आमसुली, शेवाळी, डाळिंबी, चिंतामणी. साडीच्या दुकानात ती कामाला येतात. इथे दगा देतात, कारण प्रत्येकाची मोरपंखी वेगळी. तपकिरी हा शब्द तपकिरीवरून आला, पण निपाणीसारख्या तंबाखूच्या गावातही आता तपकिरीची डबी किती घरांत सापडेल? "कुंद्याचा रंग" (कुंदा म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई) म्हणावं तर एका दुकानातला कुंदा फिका आणि दुसऱ्यातला चांगला भाजलेला. करडा म्हणजे राखेकडे झुकणारा की मातीकडे, यावर तर एका घरातली दोन माणसं भांडतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पेटीतल्या खडूचं नाव. मग फिका की गडद, म्हणजे खडू किती दाबायचा : हलका हात, मध्यम, कागद दिसेनासा होईपर्यंत. मग मिश्रण असेल तर खालचा खडू कुठला आणि त्याच्यावरून फिरवलेला कुठला. शेवटी शेपूट : लालसर, निळसर, काळपट, हिरवट. या शेपटांत मराठी श्रीमंत आहे, पण "पिवळट" म्हटलं की मळका ऐकू येतो आणि "पिवळसर" म्हटलं की नितळ, हे ध्यानात ठेवून बोला.

पोस्टर कलरनं काम करत असाल तर भागांत सांगा : "तीन चमचे पिवळा, अर्धा चमचा तांबडा". मोठं काम असेल तर रंगाच्या दुकानातून एकाच कंपनीची दोन शेड कार्डं आणा आणि नंबर सांगा.

आणखी एक फसवणूक डोळ्यांची असते. तोच करडा काळ्यावर ठेवला की उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला की काळवंडतो. योसेफ आल्बर्स या चित्रकारानं १९६३ च्या आपल्या ग्रंथात हे कितीतरी प्रयोगांनी दाखवलं आहे. त्यावर उपाय म्हणून जाड कागदाला एक सेंटिमीटरचं भोक पाडा, ते चित्रावर ठेवून फक्त रंग बघा, शेजार झाकला जातो. चित्र दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बघा. मोबाइलवर बघत असाल तर रात्रीचा पिवळा उजेड बंद करा, नाहीतर पांढऱ्याला सायीचा रंग म्हणाल.

दोन भाषांची बैठक

आपल्याकडे बसलेल्या सहांत दोघं-तिघं तरी घरी कन्नड बोलणारी असतात. त्यांच्यासाठी डाव्या-उजव्याला एड-बल, वर-खालीला मेले-केळगे, एवढं सांगणाऱ्यानं शिकून घ्यावं. रंगात सांभाळायचा शब्द हळदी : कन्नडमध्ये हळदी म्हणजे कुठलाही पिवळा, आणि मराठी कानाला तो हळदीचा, थोडा तांबूस, दाट पिवळा. एकानं लिंबाचा काढला आणि दुसऱ्यानं हळदीचा, असं झालं तर दोघांनाही चूक देता येत नाही. राखाडीला मात्र अडचण नाही, कन्नडमधला बूदु हा शब्दही राखेवरूनच आलेला आहे. शंका आली की भाषा बाजूला ठेवून खडूवरचं छापील नाव म्हणा.

एक पूर्ण नमुना

आधी कच्चं वर्णन, जे बहुतेक जण पहिल्यांदा करतात : "डावीकडे मोठा निळा गोल आहे, त्यावर छोटा केशरी चौकोन. उजवीकडे तिरपा लाल पट्टा. खालून एक काळी रेष जाते. कोपऱ्यात हिरवे ठिपके आहेत. मागे पिवळं." यात खोटं काही नाही, पण यावरून सहा जण सहा चित्रं काढतील.

आता तेच पुन्हा. ए-फोर आडवा, सोळा चौकटी, १२ खडू.

"एकूण सहा गोष्टी : पार्श्वभूमी, वर्तुळ, चौरस, पट्टा, रेष, ठिपके. आधी सगळं पेन्सिलीनं, रंग नंतर.

वर्तुळ. मध्यबिंदू मधल्या आडव्या आणि डाव्या उभ्या घडीच्या फुलीवर. वर ते वरच्या आडव्या घडीला टेकतं, खाली खालच्या आडव्या घडीला टेकतं. कागदाच्या डाव्या कडेला टेकत नाही. झालं?

चौरस. वर्तुळाच्या आत. बाजू दहाच्या नाण्याएवढी. त्याचा डावा वरचा कोपरा वर्तुळाच्या मध्यबिंदूवर. बाजू घड्यांना समांतर. झालं?

पट्टा. रुंदी दहाच्या नाण्याएवढी, कडा सरळ. पट्ट्याचा मध्य वरच्या कडेला उजव्या उभ्या घडीवर, खालच्या कडेला मधल्या उभ्या घडीवर. कागदाबाहेरून येतो आणि कागदाबाहेर जातो, टोकं दिसत नाहीत. वर्तुळापासून सुटतो. झालं?

रेष. जाडी ज्वारीच्या दाण्याएवढी. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघते, उजव्या कडेला वरच्या आडव्या घडीपाशी संपते. पट्टा तिला झाकतो, म्हणजे पट्ट्यावर ती दिसत नाही. वर्तुळाच्या खालून जाते, टेकत नाही, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहते. झालं?

ठिपके तीन, हरभऱ्याएवढे, घर चारच्या मधोमध आडव्या ओळीत. दोन ठिपक्यांत एका ठिपक्याएवढं अंतर.

आता रंग. कमळ ओळ कोरी पांढरी. बाकी तीन ओळी पिवळ्या, हलक्या हातानं. पिवळा भरताना वर्तुळ, पट्टा आणि ठिपके यांची जागा मोकळी सोडा. वर्तुळ गडद निळं, पूर्ण दाबून, चौरसाची जागा सोडून. चौरस केशरी. पट्टा तांबडा, पूर्ण दाबून, पांढऱ्या ओळीतही तसाच. ठिपके हिरवे. काळी रेष सगळ्यात शेवटी."

या वर्णनातली दोन वाक्यं मुद्दाम घातलेली आहेत. ज्वारीएवढी फट ही तपासणी आहे : रेष वर्तुळाला टेकली तर दोघांपैकी एक चुकलं, हे काढणाऱ्याला तिथेच कळतं. अशी एक तरी तपासणी प्रत्येक वर्णनात ठेवा. आणि "जागा मोकळी सोडा" हे ऑइल पेस्टलसाठी : आधी सगळीकडे पिवळा मारून त्यावर निळा चढवला की वर्तुळ हिरवट होतं. काळा आधी भरला तर हाताला लागून पिवळ्यावर फरफटतो.

एका वाक्यात एकच कृती. वाक्य संपलं की तीस-चाळीस सेकंद थांबा आणि "झालं?" विचारा. आपण चित्र बघत असतो म्हणून आपल्याला थांबणं लांब वाटतं. काढणाऱ्याला ते पुरत नाही.

व्हॉट्सॲपवर आवाज पाठवणार असाल तर प्रत्येक आकाराचा वेगळा संदेश करा, सलग पाच मिनिटांचा नको. मागे जाऊन ऐकणं त्यात फार कटकटीचं होतं. लेखी पाठवणार असाल तर आकारांना क्रमांक द्या, म्हणजे पुढे "क्रमांक २ ला टेकतो" असं म्हणता येतं.

प्रश्न विचारू द्यावेत का

पहिल्या फेरीत नाही. दुसऱ्या फेरीत फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न. तिसऱ्या फेरीत सगळे. तिन्ही फेऱ्यांना सारख्याच अवघडपणाची वेगवेगळी चित्रं घ्या. दुसऱ्या फेरीतले प्रश्न सांगणाऱ्यानं लिहून ठेवावेत, कारण तो जे सांगायला विसरतो त्याचीच ती यादी असते. तीच यादी पुढच्या वेळी समोर ठेवून बोलायचं.

तपासणी

सगळी चित्रं दोरीवर चिमट्यांनी टांगा, मूळ चित्र मधे. "छान आलंय" म्हणत बसू नका. दहा हो-नाही वाक्यं तयार ठेवा : वर्तुळ खालच्या घडीला टेकलं का, रेष पट्ट्यामागे गेली का, ठिपके सारख्या अंतरावर आहेत का. प्रत्येक कागदाला दहापैकी गुण. जागा तपासायची तर मूळ चित्र बटर पेपरवर गिरवा आणि एकेका कागदावर ठेवा.

सगळ्यांचं एकाच ठिकाणी चुकलं तर वाक्य चुकलं. एकाचंच चुकलं तर तो ऐकायला चुकला. निम्म्यांचं एका तऱ्हेनं आणि निम्म्यांचं दुसऱ्या तऱ्हेनं चुकलं तर त्या वाक्यात दोन अर्थांचा शब्द आहे, तो शोधा. बहुतेक "वर" निघतो.

पुढची चित्रं

सहा-सात घरच्या चित्रांनंतर मोंद्रियानचं १९३० चं तांबडा, निळा, पिवळा हे तीन रंग असलेलं चित्र घ्या. ते सोपं दिसतं. फसवतात काळ्या रेषा, त्या सगळ्या एका जाडीच्या नाहीत. मग काझिमिर मालेविचचा १९१५ चा 'काळा चौरस', ७९.५ × ७९.५ सेंटिमीटर. "पांढऱ्यावर काळा चौरस" म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण तो चौरस काटकोनात नेमका नाही, काळ्या रंगाला जाळीसारख्या भेगा गेल्या आहेत, आणि चारी बाजूंच्या पांढऱ्या पट्टीची रुंदी सांगितल्याशिवाय चित्र होत नाही. चित्राचं नाव मात्र शेवटपर्यंत सांगू नका, नाव ऐकलं की लोक तुमचं ऐकणं सोडून नाव काढायला लागतात.

सैयद हैदर रझांची 'बिंदू'ची चित्रं चांगली, कारण वर्तुळात वर्तुळं असली की बाहेरून आत यायचं की आतून बाहेर जायचं ते ठरवावं लागतं. बाहेरून आत या. बाहेरचं वर्तुळ जाळीला टेकवता येतं, आतलं हवेत लोंबकळतं.

सॉल लेविट या अमेरिकन कलाकाराची १९६८ पासूनची भिंतीवरची चित्रं वेगळ्या कारणासाठी बघावीत. तो सूचना लिहायचा आणि भिंतीवर दुसरेच काढायचे. त्याच्या काही सूचनांत मुद्दाम मोकळीक ठेवलेली असते, म्हणून एकाच सूचनेची दोन भिंतींवर दोन रूपं होतात. आपल्याला नक्कल हवी असेल तर हे टाळायचं, आणि टाळायचं काय हे त्यातून नेमकं कळतं.

सगळ्यात अवघड वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). तिथे आकार मोजायला फारसे नसतातच. रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवलेले, काही ठिकाणी काढून घेतलेले. अशा वेळी दिसतं काय ते सांगणं सोडा आणि केलं कसं असावं ते क्रमानं सांगा : पहिला थर एक चमचा पोस्टर कलरला तीन चमचे पाणी, पूर्ण कागदभर, वाळू द्या. दुसरा थर घट्ट, फक्त ख आणि ग ओळीत, रोलरनं डावीकडून उजवीकडे, मागे न फिरवता. ओला असतानाच वर्तमानपत्र दाबून उचला. पोत सांगायला आपल्या घरातल्या उपमा घ्या : सारवलेल्या जमिनीवरच्या बोटांचे अर्धगोल, भुरभुरलेली रांगोळी, चुरगळून उलगडलेला कागद. रोलर नसेल तर लाटण्याला जुन्या धोतराचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधा. धोतरातून रंग लाकडात मुरतो, म्हणून ते लाटणं मग रंगांच्या पेटीतच राहू द्या.